तीन उजवे कौल

आमचे मास्तर गेले तेव्हा घरात दोन गाई, डोंगराकडेचं भाताचं खाचर, कोऱ्या वह्यांचा एक गठ्ठा आणि आमची लेक भागू एवढं मागे राहिलं. मास्तरांनी मला लिहायला शिकवलं ते लग्नानंतर, माझ्या बडबडीला कंटाळून. "धोंडाबाई, हे सगळं मला सांगण्यापेक्षा कागदाला सांगा, कागद मधेच झोपी जात नाही," असं म्हणायचे. तेव्हा राग यायचा. ते गेल्यावर मात्र ऐकायला कागदच उरला, म्हणून दुपारी गाई सावलीला बांधल्या की मी टाक-दौत घेऊन ओसरीवर बसू लागले. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळे लिहायचं ते दिवसाउजेडीच.

लिहीत काय होते, तर शेजारणीनं बांध कोरला, गाईनं दूध चोरलं, भाकरी करपली. पण एकदा लिहिलं की डोकं हलकं व्हायचं आणि शेजारणीच्या दारात जाऊन तोंड सोडायचं राहून जायचं. आमच्या विंझर गावात माझी भांडणं कमी झाली ती त्या वह्यांमुळे. गावाला वाटलं, नवरा गेला म्हणून बाई नरमली. वाटू दे बापडं!

त्या वर्षी फाल्गुनात माझा भाऊ आनंदराव सारोळ्याचं स्थळ घेऊन आला. मुलाचं नाव सोनबा. नीरा नदीकाठची ओलिताखालची जमीन, घरात मोजकी माणसं. भागूला सतरावं सरलं होतं आणि गावच्या बायका मला पाणवठ्यावर टोमणे मारत होत्या. सोनबा बघायला आला तेव्हा ओसरीवरच्या वह्या कुणाच्या, एवढंच त्यानं विचारलं. "आयेच्या," म्हणाली भागू, आणि चहाचा पेला ठेवून आत पळाली.

मी मात्र खोट काढत सुटले. सारोळं लांब पडतं. नीरेला पूर येतो. मुलाचं कपाळ अरुंद आहे.

"आक्का, कपाळानं काय नांगर धरायचाय व्हय?" आनंदराव वैतागला.

भागूला विचारलं तर ती मान खाली घालून म्हणाली, "मला न्हाई जायचं, आये." झालं की! पोरीलाच नको म्हटल्यावर माझं काय जातंय? पण आनंदराव ऐकेना.

"मंग मेंगाईला कौल लाव," तो म्हणाला. "देवी न्हाई म्हनली तर म्या त्येंला तसं कळवतो. पर नसरापूरच्या बाजारापतुर सांग. त्येंला दुसरंबी स्थळ आलंय."

मी वेल्ह्याला मेंगाईच्या देवळात गेले. गुरवानं देवीच्या अंगाला उजवीकडे-डावीकडे पाण्यात भिजवलेली एकेक कळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी हात जोडले न जोडले तोच उजवी टपकन खाली आली.

घरी आले आणि चैन पडेना. भांडी घासलेली पुन्हा घासली. वासराला उगाच दटावलं. वाटलं, देवीला इतक्या लांबून आमच्या घरचं काय कळणार, गावचा भैरवनाथ जवळचा. दुसऱ्या दिवशी त्याला कौल लावला. उजवा. तिथला गुरव हसून म्हणाला, "बाय, नारळ फोडा आता." मला असा संताप आला की नारळ न फोडताच परतले.

मग मी जे केलं ते शहाण्या बाईनं करू नये. ओढ्याकाठच्या म्हसोबाला आमच्याकडे कोणी कौल लावत नाही. तरी मी जास्वंदीच्या दोन कळ्या घेऊन एकटीच गेले. उजवी शेंदरात चांगली दाबून बसवली. डावी नुसती टेकवली, फुंकर मारली तरी पडावी अशी. बसले बघत. वारा आला, डावी हलली, राहिली. आणि दाबून बसवलेली उजवी निसटून माझ्या पायाशी येऊन पडली.

"तुमी सगळे एकच!" मी त्या धोंड्यावर ओरडले आणि तरातरा घरी आले. बाजार दुसऱ्या दिवसावर आला होता. भागू गवताला गेली होती. घरात बसवेना, अंगणात उभं राहवेना. शेवटी वही ओढली आणि टाक बुडवला.

मेंगाईनं उजवा दिला, लिहिलं. भैरवनाथानं उजवा दिला. म्हसोबानं तर माझं कपट हाणून पाडून उजवा दिला. तरी मला हे स्थळ नको, कारण नीरेला पूर येतो.

तोंडानं हेच वाक्य मी भावाला, गुरवाला, शेजारणीला सांगितलं होतं आणि दर वेळी मला ते पटलं होतं. कागदावर ते नुसतं पडून राहिलं आणि माझ्याकडे बघू लागलं. पूर येतो तर सारोळ्याची माणसं काय झाडावर राहतात? मी ते खोडलं. कपाळ अरुंद आहे, लिहिलं. मास्तरांचं कुठं रुंद होतं? तेही खोडलं. बोलणं हवेत विरतं म्हणून बरं असतं. लिहिलेलं निस्तरावं लागतं. शाई टाकावर वाळत आली. मग एकदाची ओळ उतरली: भागू गेली की मी या घरात कुणाशी बोलू?

वाचलं आणि रडू कोसळलं. देवांना सगळं विचारलं होतं, हे कुठं विचारलं होतं? पोरीच्या भल्याचं नाव पुढे करून मी माझं एकटेपण झाकत होते. लाज वाटली, फार वाटली. आणि नवल म्हणजे, इतके दिवस जे बेचैन करत होतं ते काय आहे हे कळल्यावर ते अर्धं तरी ओसरलं.

भागू भारा टाकून आत आली. माझे डोळे बघून घाबरली. "काय झालं, आये?"

"बस," म्हटलं. खोडलेल्या ओळींसकट सगळं पान तिला वाचून दाखवलं. म्हसोबाची लबाडीसुद्धा सोडली नाही. शेवटची ओळही वाचली.

भागू पदराचं टोक पिळत बसली. "म्या नको म्हनले त्ये त्येच्यासाटीच," ती हळूच म्हणाली. "वाटलं, तू माज्याबिगर ऱ्हायची न्हाईस."

"ऱ्हाईन ग. रडंन, वहीशी भांडंन, पर ऱ्हाईन."

तिनं मान वर केली. तोंडावरचं हसू काही केल्या तिला आवरेना.

"मंग जाऊ म्या?"

काय ती घाई! एक आवंढा तरी गिळायचा होतास, पोरी. मला राग आला, काळजात कळ उठली आणि तिचं ते तोंड बघून हसूही आलं.

"जा," मी म्हणाले.