थोरलीचा सुकवलेला सोफा

आता ह्यात थोरली जळली नसती तरच नवल! गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली, पाणी आधी वरच्या मजल्यावर थोरलीच्या घरात घुसलं आणि मग छतातून झिरपत खाली तिच्या धाकट्या जावेकडे गेलं. म्हणजे जास्त कोण भिजलं? थोरली. आणि नवाकोरा सोफा कुणाला मंजूर झाला? धाकटीला!

बरं, विम्याची पॉलिसी शोधली कुणी होती? थोरलीनंच. जुनी वस्तू खराब झाली तर तशीच नवी मिळणार, वापरून झिजली म्हणून काही कापाकापी नाही, अशी झकास पॉलिसी. धाकटीनं नुसतं, "ताई, मलापण तीच हं," म्हणून मान डोलावलेली.

पण झालं काय, नुकसान बघायला विमा कंपनीचा सर्व्हेअर येणार म्हटल्यावर थोरलीच्या अंगात आलं. परका माणूस घरात येणार आणि घर हे असं? तिनं फरशी घासली, सोफ्याचं कव्हर धुऊन इस्त्री केलं, आतला कुजका फोम कचऱ्यात फेकला आणि त्याजागी जुन्या चादरी कोंबल्या. सोफा कसा टुमटुमीत! खाली धाकटी मात्र ढिम्म. तिच्या सोफ्यातून सर्व्हेअरच्या बुटावर पाणी ठिबकलं. झालं काम!

मग तो वर आला, थोरलीच्या सोफ्यावर ऐसपैस टेकला आणि म्हणाला, "छान आहे की! भिजलंय काय?"

"अहो, ह्याच्यात चादरी आहेत!"

"चादरींचं काय करू मी? फोम दाखवा. नाहीतर फोटो, व्हिडिओ, काहीतरी."

"घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभी राहून फोटो काढत बसू?"

खालच्या आळशीला सगळं मिळणार आणि आपण राबून हात चोळत बसणार! थोरलीला नुसती मिरची झोंबली. तेवढ्यात दारातून धाकटी म्हणाली, "माझ्याकडे आहे ना व्हिडिओ. त्या दिवशी ह्यांना पाठवायला काढला होता, ताईंच्या पाठीमागून."

व्हिडिओत सोफा पाण्यात, फोम फुगून बाहेर आलेला, सगळं लख्ख दिसत होतं. थोरलीचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच फोनमधून तिचाच आवाज आला, "माझंच का? खाली तिचंही भिजू दे! चांगलं बुडू दे तिचं!"

सर्व्हेअर खाकरला. "आवाज बंद करू का?"

"कशाला?" धाकटी म्हणाली. "सोफा दिसतोय ना? तेवढं बघा."

"दिसतोय, पुरे आहे. असाच सोफा घ्यायचा, ह्याच्याहून भारी नाही. आधी जुन्याची आजची किंमत मिळेल, नव्याचं बिल दाखवलंत की वरचे पैसे." असं म्हणून तो जो सटकला, जिन्यात मागे वळूनही बघितलं नाही.

थोरलीला कुठे तोंड लपवू असं झालं. "इतके दिवस हे ऐकून गप्प राहिलीस?"

"काय बोलणार? तुमचे पडदे बघून माझे पडदे, तुमचा सोफा बघून माझा सोफा. त्या दिवशी जिना चढताना मीपण तेच म्हणत होते, वर जास्त भिजलेलं असू दे. फक्त माझा व्हिडिओ तेव्हा सुरू व्हायचा होता."

थोरली सोफ्यातली एक चादर खसकन ओढून धाकटीच्या अंगावर फेकत म्हणाली, "मेली! चल दुकानात. पण तू घेशील तो रंग मी घेणार नाही."

"नका घेऊ. पण तुमचा माझ्यापेक्षा चांगला निघाला ना, तर मी जेवणार नाही!"

"मग उपाशी राहा," थोरली चपला घालत म्हणाली.