हिवरखेडचं पॅकेट अडलं कुठं

मी तुबा. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगते. म्हणूनच हिवरखेड केंद्राचं कॉम्प्युटर दोन दिवस अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या ऑफिसला जोडलं जाईना, तेव्हा मी साहेबांना बेधडक सांगून टाकलं, की तिथलं काम बघणाऱ्या चंद्रभानदादांना ऑफिसचा आकडी पत्ताच टाकता येत नाही. आमची संस्था गावोगावहून कपाशीच्या रोगट पानांचे फोटो मागवायची आणि अकोल्याच्या तज्ज्ञांचा सल्ला परत पाठवायची. साल २००७. पांढऱ्या किडीनं उच्छाद मांडलेला, लोक आधीच टेकीला आलेले. आमचे साहेब वामनराव म्हणाले, पाचपर्यंत फोटो आला नाही तर चंद्रभानच्या जागी दुसरा माणूस ठेवू.

चार वाजले होते. मी फोन लावला, दादांकडून एकेक आकडा वाचून घेतला. पत्ता अगदी बरोबर होता! म्हणजे माहितीचं पॅकेट अडत होतं ते आमच्या फायरवॉलमध्ये, मी स्वतः बसवलेल्या पहाऱ्यात.

मी टप्प्याटप्प्यावर मोजणी लावली आणि दादांना पाठवायचं बटण दाबायला सांगितलं. पॅकेट पहिल्या दारावर आलं. तिथं त्याच्यावरचा बाहेरचा पत्ता काढून आतल्या सर्व्हरचा पत्ता लागतो. तेही झालं. पुढं तपासणी. आमच्या पत्त्यावर आलेलं आत सोडा, असा नियम मीच लिहिला होता. तरी त्या नियमापुढं शून्य आणि नकाराच्या नियमापुढं तीन, कारण एकदा दाबलं की कॉम्प्युटर तीनदा प्रयत्न करतो. पुन्हा दाबायला लावलं, तर नकार सहा. मला आता चेवच चढला.

पत्ता बरोबर, तरी नकार, हे माझं पुटपुटणं ऐकून शेजारच्या टेबलावर टायपिंग करणाऱ्या रुख्मिणीताई हसल्या. त्यांचं माहेर-सासर एकाच गावचं. लग्नात तांदळावर नाव लिहून शालूची रुख्मिणी झाली, पण मतदारयादीत शालूच राहिली, म्हणून त्यांना मतदान केंद्रावरून परत पाठवलं होतं.

"मी समोर उभी, अन् ते म्हणे यादीत नाही," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीतून उठलेच. पॅकेटचं नाव दारातच बदलत होतं आणि आतल्या यादीत मी त्याचं जुनंच नाव लिहून ठेवलं होतं. नियमात आतल्या सर्व्हरचा पत्ता घातला आणि फोनवर म्हटलं, दाबा. शून्याचा एक झाला. मग पडद्यावर कपाशीचं पान वरून खाली हळूहळू उघडत गेलं. मला इतका आनंद झाला, की मी रुख्मिणीताईंना मिठीच मारली.

पाचला दहा कमी होते. वामनरावांकडे जाऊन मी सांगितलं, की चूक चंद्रभानची नव्हती, माझी होती. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, ते त्यालाच सांग, तुबा.

मी सांगितलं. फोनवर दादा म्हणाले,

"ताई, मी त दोन दिवसांपासून घरी सांगून राहिलो, का आपल्याले तेवढी अक्कल नाही."

"मंग आज सांगा दादा," मी म्हटलं, "का अक्कल अमरावतीवालीले कमी हाये."