ढगांवरची शिट्टी

तुम्हाला तुमची जागा ठाऊक होती. माझ्या माणसाला त्याची नव्हती. आणि तुम्ही गप्प बसलात.

मी देओलिंदा, राहणार अमेरिकेतलं न्यू बेडफर्ड बंदर. एकोणीसशे सदुसष्टच्या फेब्रुवारीत माझा नवरा अमादेऊ जॉर्जेस बँकवर, म्हणजे भर समुद्रातल्या उथळ पट्ट्यावर, शिंपल्या काढायला गेला होता. इथल्या बायका स्वयंपाकघरातला रेडिओ बोटींवर लावून ठेवतात. नवऱ्याचा आवाज ऐकत कांदा चिरायचा, एवढाच आमचा संसार.

त्या रेडिओवर खरी जागा कुणीच सांगत नाही. चांगल्या शिंपल्या लागल्या की उत्तरेचा माणूस आपण दक्षिणेला आहोत म्हणतो. ही लबाडी आमच्यात बोटीसारखीच बापाकडून मुलाकडे येते.

त्या दुपारी मी सूपमध्ये केलच्या भाजीची पानं टाकत होते. अमादेऊचा आवाज आला. “सेराफिम, बोटीत पाणी शिरलंय. पंपाला आवरेना.” मग त्याने जागा सांगितली.

सेराफिम माझा दीर, दुसऱ्या बोटीवर. तो हसला. “म्हणजे दादा, तू पार दुसऱ्या टोकाला आहेस म्हणायचं!”

“थट्टा नको रे. आईशप्पथ खरं सांगतोय. पण आठवडाभर सूर्य नाही, आणि जागा दाखवणारा डबा भिजून बंद पडलाय. अंदाजाने सांगतोय. वीसेक मैल इकडेतिकडे धर.”

“निघालोच. बोलत राहा.”

“काय बोलू?”

“शिव्या दे मला.”

दिल्या त्याने. आमच्या पोर्तुगीजमधल्या सगळ्या. मग नुसती खरखर उरली.

सेराफिम सांगितल्या जागी पोचला. तिथे पाणीच पाणी.

पुढे तुमच्या नौदलाचा एक अधिकारी अमादेऊच्या बोटीच्या कोठाराचं झाकण घेऊन माझ्या दारी आला. तुमच्या राखाडी जहाजाला ते त्याच संध्याकाळी सापडलं होतं. म्हणाला, “बाई, तुमचे लोक रेडिओवर थापा मारतात. शोधणाऱ्यांनी करायचं काय?” आणि झाकण कुठे मिळालं ते त्याने मैलाच्या अंशापर्यंत सांगितलं.

सेराफिम म्हणाला, “साहेब, आभाळ गच्च होतं. माझ्या चालू डब्यालाही इतकं नेमकं जमत नाही. तुम्हाला कसं जमलं?”

त्याने हातातली टोपी फिरवली. “ते मला सांगता येत नाही.”

जुलैत पेपरात आलं. वर तुमचे उपग्रह फिरतात. त्यांच्या रेडिओची शिट्टी जवळ येताना चढते, लांब जाताना उतरते, त्या चढउतारावरून जहाजाला आपली जागा काढता येते. ढग असले तरी. तुमच्याकडे हे कित्येक वर्षं चालू होतं. आता म्हणे सगळ्यांना देणार. उदार आहात.

तुम्ही म्हणाल, ते यंत्र कपाटाएवढं, शिंपल्यांच्या बोटीत मावलंच नसतं. बोटीत कोण मागतंय? तुमचं जहाज जवळच होतं. आवाज कुठून येतो ते काढायची साधनं त्यावर होती. पण तोंड उघडलं असतं तर तुमचा ठावठिकाणा फुटला असता. आमचे लोक शिंपल्यांसाठी जागा लपवतात. तुम्ही कशासाठी लपवलीत?

ते झाकण माझ्या अंगणात अर्धं पुरून उभं आहे. पुरायला दुसरं काही मिळालं नाही.

मला भरपाई नको, सांत्वन नको. एवढंच सांगा. त्या दुपारी माझा नवरा शिव्या देत होता, त्या तुमच्या जहाजावर ऐकू आल्या होत्या का?

हो की नाही?