रुंदी चाळीस, खोली चाळीस

सोमवारी सकाळी ऋजुता धोंगडे आपल्या खुर्चीत बसली तेव्हा खुर्चीखाली घोट्याइतका खड्डा खणून तयार होता, आणि दुपारच्या चहापर्यंत तिच्या दोन्ही हातांची कोपरं नाहीशी झाली. हात सरळ झाले आणि वीतभर लांबले. तिने चहाचा कप उचलला, पण तो तोंडापर्यंत काही येईना. समोरच्या टेबलावरच्या माणसाला मात्र तिला सहज चहा पाजता आला असता.

कारखाना कोल्हापूरजवळचा, पंप बनवणारा. ऋजुता तिथे सतरा वर्षं बेअरिंगं ऐकत होती. चालत्या पंपावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि आतलं बेअरिंग अजून किती दिवस काढेल ते सांगायचं. हिंदुराव मिस्त्रींनी तिला हे शिकवलं आणि दोन वर्षांत ती त्यांच्याही पुढे गेली. तिने चाळीस दिवस म्हटलं की बेअरिंग चाळीस दिवस चालायचं आणि एक्केचाळिसाव्या दिवशी मोडायचं.

पण आता एवढ्याने भागत नाही, असं वरच्या मंडळींनी ठरवलं होतं. माणसाने एका विषयात खोल असावं आणि दहा विषयांत रुंदही असावं. वर्षाच्या फॉर्मवर म्हणून दोन चौकटी आल्या, रुंदी आणि खोली. ऋजुताने दोन्हींत चाळीस लिहिलं आणि सही ठोकली. ड्रॉइंगवर नुसता आकडा लिहितात आणि तो मिलिमीटर समजतात. इंजिनिअर बाई, हाताला तीच सवय. यंदा दोन बोटं वाढू, एवढाच बिचारीचा बेत होता.

मनुष्यबळ विभागाच्या चौगुले मॅडम टेप घेऊन आल्या.

"चाळीस फूट म्हणजे धाडसच हं तुमचं," त्या कौतुकाने म्हणाल्या.

"फूट नाही हो, मिलिमीटर."

"कुठं लिहिलंय?"

"ते लिहायचं नसतंच."

"मग मी वाचायचं कसं? आता फॉर्म एप्रिललाच उघडतो." त्यांनी टेप गुंडाळला आणि जाता जाता खड्ड्यात डोकावून मान डोलावली.

ऋजुताने ठरवलं, काही शिकायचंच नाही. पण कानावर पडेल ते उचलायची तिला लहानपणापासूनची खोड. जिन्यात कुणी करारातल्या कलमांबद्दल बोललं की उजवा हात फूटभर वाढायचा. जाहिरातवाल्यांची कुजबुज ऐकली की डावा. आणि दूरवर एखादा पंप जरा वेगळा घरघरला की मन तिकडे धावायचं, आणि पायांखालची माती तेवढीच खाली जायची.

सोमवारी संध्याकाळी ती पंप पोचवणाऱ्या टेंपोत आडवी झोपून घरी गेली. घरी नऊ वर्षांची लेक मनवा होती. तिचे बाबा मस्कतला, त्यामुळे घरात दोघीच. शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी लागतात, आणि त्या आईनेच घालायच्या हा मनवाचा नियम. मंगळवारी सकाळी ऋजुता स्वयंपाकघराच्या टोकाला उभी राहिली आणि मनवा पार बाहेरच्या दाराशी. तेवढ्या अंतरावरच आता हात पोचत होते.

"आई, तू आहेस ना गं मागं?"

"आहे की."

"आवाज लांबून येतोय."

वेण्या सुरेख झाल्या. ऋजुताला मात्र लेकीच्या मानेवरचा तीळ दिसला नाही, आणि तिला रडू आलं. डोळे पुसायलाही तिचे हात जवळ नव्हते.

बुधवारी खड्डा कमरेपर्यंत आला. गुरुवारी तिला बाहेरच पडता आलं नाही. पाय खाली लांबत गेले होते आणि टाचांना गार पाणी लागत होतं. डोकं फरशीच्या पातळीवर आलं. हात दोन्हीकडे फरशीवर पसरले होते. भिंतींनी आपणहून वाट दिली होती, त्यामुळे डावा जाहिरात विभागात टाइप करत होता आणि उजवा कायद्याच्या फायली चाळत होता. दोन्हीकडचे लोक खूश होते. हिंदुराव पालथे झोपून तिला चमच्याने भडंग भरवत होते.

"मॅडम, तुमी आकड्याम्होरं काय तरी लिवायचं हुतं," ते म्हणाले.

"मिस्त्री, मनवाला आज तुमच्याकडे झोपवा," ती म्हणाली. "आणि सकाळी इथे आणा, नाहीतर तिच्या वेण्या राहतील."

शुक्रवारी सकाळी हिंदुरावांनी मनवाला आणलं. केस मोकळे, हातात कंगवा, मनगटाला लाल रिबिनी. तिने आईचं फरशीतून वर आलेलं डोकं पाहिलं, दप्तर खाली ठेवलं आणि नेहमीसारखी पाठ करून, मानेवरचे केस बाजूला घेऊन समोर बसली. तीळ इतका जवळ होता की ऋजुताचा श्वास त्याला लागत होता.

मनवाने कंगवा खांद्यावरून मागे धरला.

"आई, घाल की. प्रार्थना सुरू हुईल."

"इथे हात नाहीत गं माझे."

"मग कुठं आहेत?"

"डावा जाहिरातवाल्यांकडे आहे."

मनवा उठली आणि भिंतीला वळसा घालून पलीकडे गेली. थोड्या वेळाने ऋजुताच्या डाव्या बोटांना केस लागले. मऊ, न विंचरलेले. बोटांनी टाइप करणं सोडलं. एका हाताने वेणी होत नाही, तरी त्यांनी केसांचे तीन पेड केले आणि घट्ट धरून ठेवले.

इतक्यात चौगुले मॅडम टेप घेऊन आल्या. डावीकडे वीस, उजवीकडे वीस. वजन बांधलेली दोरी खाली सोडली, तर खाली चाळीस.

"अभिनंदन! आठवड्यात पूर्ण केलंत! आता उद्दिष्ट आपोआप दुप्पट."

डावा हात पुढे वाढू लागला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई, ढकलू नकोस गं!"

"मी नाही ढकलत!"

"मग सोडू नकोस!"

ऋजुताने मूठ उघडायचं ठरवलं, मग ठरवलं की नाही उघडायची. मुठीने तिला विचारलंच नाही, ती केस धरूनच राहिली. हिंदुराव तिचा दंड धरून मागे ओढत होते आणि तो त्यांच्या पंजांतून सरसर पुढे जात होता. मनवाचं बोलणं ऐकू येईनासं झालं.

तेव्हा तिने मान कलती केली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला लावायची तसा कान आपल्याच डाव्या खांद्यावर टेकवला. आतून स्वच्छ ऐकू आलं. शाळेचे बूट, छोटी पावलं, पुढे पुढे ढकलली जाणारी. तिने ती मोजायला सुरुवात केली. सदतिसाव्या पावलाला फरशी संपली आणि बुटांखाली रस्त्याची खडी वाजू लागली.