कोऱ्या कागदावरची एकोणीस नावं

शारदाबाबांनी कागद उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरून दाखवला. नगरपालिकेच्या शाळेचं पटांगण आईबापांनी गच्च भरलं होतं आणि सगळ्यांचे डोळे त्या एका कागदावर होते.

"देखो माऊली, कोरा! एकदम कोरा! सातवीत कोण पास होणार, हे मी नाही सांगत. मी कोण? आई शारदेचा पोस्टमन. पत्र तिचं, मी फक्त टपाल टाकतो!"

आंब्याची डहाळी त्यांनी हळदीच्या पाण्यात बुडवली आणि कागदावर शिंपडली. ओल्या पिवळ्या कागदावर हळूहळू लाल अक्षरं उमटली. बायकांचे हात आपोआप जोडले गेले.

गेल्या वर्षी, एक्क्याण्णव साली, कागदानं सतरा नावं दिली होती आणि सतराच्या सतरा मुलं पास झाली होती. अंबरनाथ पश्चिमेच्या ज्या शाळेचा निकाल कधी चाळीस टक्क्यांवर गेला नव्हता, तिच्या फळ्यावर शंभर टक्के लागले. मग शंका कोण घेणार? ज्यांचं नाव आलं नाही, त्यांचे परीक्षेचे फॉर्म आईबापांनी भरलेच नाहीत. देवीच नको म्हणते, तर पोरीला कशाला अडकवून ठेवायचं?

वर्गशिक्षिका वृंदाबाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. सोमवारचा उपास होता. बाबा त्यांना पटत नव्हते, पण बाबांच्या ओठांवर देवीचं नाव होतं म्हणून त्या इतके दिवस गप्प राहिल्या होत्या. तेवढ्यात बाबांनी अकरावं नाव वाचलं.

"मधु शिवराम!"

वृंदाबाई भिंतीपासून सरळ झाल्या. मधु गणपतीपासून शाळेत आलाच नव्हता. सोनिवलीला नव्या इमारतींवर बापाबरोबर विटा वाहत होता. पटावर चाळीस नावं होती, एक कमी झालं की तुकडी मोडणार, म्हणून त्या त्याची हजेरी मांडत राहिल्या. सहामाहीत त्याला बासष्ट टक्केही त्यांनीच दिले. मनानं. हे बासष्ट जगात एकाच ठिकाणी लिहिलेले होते, शाळेच्या गुणपत्रकात.

त्या हेडगुरुजींकडे गेल्या. बाळाजीगुरुजी चहा पीत होते.

"यादी तुम्ही दिलीत ना?"

"बाई, निकाल पडला तर शाळा बंद करतात. कच्ची मुलं बसलीच नाहीत, तर निकाल पडेल कसा?" त्यांनी बशी खाली ठेवली. "आणि मधुची हजेरी कोण मांडतं, ते मी कधी विचारलं?"

वृंदाबाई घरी गेल्या आणि यादीत नसलेली एकवीस नावं काढून बसल्या. पंधरा मुली. तेरा जण बुद्धविहाराच्या मागच्या चाळीतले, बाकीचे बहुतेक सोनिवलीचे, मजुरांचे. धाकटी भावंडं सांभाळणारी, नळावर रांग लावणारी, आजारी आईच्या जागी धुणीभांडी करणारी. देवीला त्यांची घरं कुठून कळणार? सहामाहीच्या मार्कांत मात्र ती घरं उतरली होती.

उरला लाल रंग. तो त्यांना शोधावा लागला नाही. हळदीकुंकवाला पदरावर हळद सांडते, साबण लागला की लाल होते. हे कुठल्या बाईला माहीत नाही? घरात तो डाग असतो, पटांगणात चमत्कार होतो.

गुरुवारी बाबा प्रसाद वाटायला आले, तेव्हा वृंदाबाईंनी भर सभेत एक कोरा कागद वर धरला. आदल्या दिवशी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर लिहून तो वाळवला होता. त्यांनी हळदीचं पाणी शिंपडलं. लाल अक्षरं उमटली: चिमी.

"आलं! नाव आलं!" चिमीची आई अंजना गर्दी कापत धावत आली आणि बाईंच्या पायांवर पडली. "पावली गं आई! आता नाही पाठवत तिला उल्हासनगरला. सोमवारपासून जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लावणार होते, बाई!"

वृंदाबाईंचा हात तसाच वर राहिला. आत्ता गप्प बसलं तर पोरगी शाळेत राहते. एवढंच करायचं. गप्प बसायचं.

"अंजना, ऊठ," त्या म्हणाल्या. "हा सोडा आहे. मी लिहिलं म्हणून आलं. बाबांनी लिहिली म्हणून ती नावं आली. आणि मधुला मार्क मी खोटे दिले, म्हणून त्याचंही नाव आलं. देवीला यात ओढू नका."

"मधु परत येणार असंल!" गर्दीतून कोणी ओरडलं. "आईला पुढचं दिसतं!"

"अरे, बाईंच्याच हातून लीला झाली!" बाबांनी लगेच धागा उचलला. "बोला शारदामाता की जय!"

जयजयकार झाला. अंजनानं मात्र हात जोडले नाहीत.

"मंग खरी यादी कुनी केली, बाई?"

"शाळेनं. सहामाहीच्या मार्कांवरून."

"म्हंजे चिमी नापास हाय, हे बाबा नाय म्हनत. तुमीच म्हनता."

"ती तेव्हा टायफॉइडनं पडली होती गं. पुढं काय होईल ते कागदाला कळत नाही, मलाही नाही. पेपर लिहिल्यावरच कळतं. तिला बसू दे."

"देवीनं सांगितलं असतं तर तिच्या बापाशी भांडले असते. तुमच्या सांगन्यावर कशी भांडू?" अंजनानं पदर सावरला आणि ती निघून गेली.

खोट्या हजेरीची चौकशी झाली. तुकडी मोडली, वृंदाबाईंची बदलापूरला बदली झाली. बाळाजीगुरुजींचा नगरपालिकेत सत्कार झाला.

निकालाच्या दिवशी त्या कपाटाची किल्ली द्यायला आल्या, तेव्हा फाटकाशी चिमी उभी होती. बोटं कापडाच्या रंगानं निळी झालेली. ती फळा वाचत होती: सातवी, शंभर टक्के.

"बाई, किती जण बसले होते?"

"अठरा. मधु आलाच नाही."

चिमीनं निळ्या बोटांवर काहीतरी मोजलं. "पटावर तर आम्ही चाळीस होतो."

चमत्कार उघडा पाडायला एवढाच प्रश्न पुरतो, आणि तो कुणालाही विचारता येतो. कुणी शंभर टक्के दाखवले, की हात जोडण्याआधी विचारा, कितीपैकी? उरलेले कुठे गेले? भरल्या पटांगणात तो कुणी विचारला नाही; निकालाच्या दिवशी फाटकाशी एकीनंच विचारला, आणि तिची कारखान्यात जायची वेळ झाली होती.