धुतलेलं विरजण

तुमच्या पावावर उगवते आणि जिला पाहून तुम्ही नाक मुरडता, त्या बुरशीची मी सख्खी बहीण. इकडे जावा बेटावर, केडिरी गावाच्या बाजूला, माझ्यावाचून कुणाचा टेंपे, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली वडी, होत नाही.

उकडलेल्या सोयाबीनवर माझा जन्म झाला. माझं अंग म्हणजे लांबच लांब नळी, मध्ये कुठे आडभिंत नाही. सालीत कायटिन, कोळंबीच्या कवचात असतं तेच. आतून चरबीचा पातळ पडदा. अशा हजारो नळ्यांनी मी दाणे घट्ट विणून पांढरी वडी करते. म्हातारपणी मला काळे बीजाणू येतात. त्यांची साल इतकी चिवट, की वाळून महिने गेले तरी ते जगतात.

टेंपे करणारा सुकार्जो वारू नावाच्या झाडाच्या पानाच्या खालच्या लवेत हे बीजाणू धरून पानं वाळवायचा. तेच विरजण. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, पोनिराने, ते दर खेपेला नव्या पानांवर उतरवून जिवापाड जपलं. इकडे माणूस गेल्यावर हजाराव्या दिवशी त्याच्या नावाने जेवण घालतात. त्याच्या हजाराव्या दिवसाच्या जेवणाला त्याच्याच विरजणाचा टेंपे वाढायचा, असं तिने आळीभर सांगून ठेवलं होतं.

जेवणाला तीन दिवस उरले. सून विलुजेंग शहरात शिकलेली; कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली मला पाहून तिने माझ्या आकृत्या काढलेल्या. सासूला मदत म्हणून तिने सगळी पानं साबणाने घासली.

"मक, केवढी धूळ होती! काळं पाणी निघालं," ती सासूला म्हणाली. मक म्हणजे आई.

पोनिराने एक ओलं पान उलटं करून पाहिलं. "अगं, धूळ कसली? तुझे सासरे होते ते!"

"बाजारातून विरजणाची पुडी आणू?"

"आण. आणि जेवणही त्या पुडीवाल्याच्याच नावाने घालू."

विलुजेंग रडकुंडीला आली. पोनिरा रागारागाने स्वयंपाकाला लागली. चटणीसाठी मुरवलेल्या, त्याच विरजणाच्या जुन्या टेंपेचा शेवटचा तुकडा तिने उकळत्या पातेल्यावर धरला. मी हादरले, उकळीपुढे माझं काही चालत नाही.

"थांबा, मक!" विलुजेंगने तुकडा हिसकावला. बोटं काळी झाली. "हे काळं म्हणजेच बीजाणू. मी काढलेत वहीत."

"मग मघाशी कुठे गेली होती तुझी वही?"

"वहीत वारूचं झाड नव्हतं, मक."

तिने तो तुकडा नव्या पानांच्या लवेवर हलक्या हाताने चोळला. पानं थंड दाण्यांवर घातली. दोन दिवसांनी मी पांढरी शुभ्र उगवले. पोनिराने वडी नाकाशी धरली, बराच वेळ हुंगली, डोळे पुसले.

"आले," ती म्हणाली.

आता मी चुलीवरच्या दोरीला, नव्या पानांत वाळतेय. काळी दिसले म्हणून मला धुऊ नका, एवढंच मागणं. या घरात ती भीती नाही. विलुजेंग पानांना कुणाला हात लावू देत नाही, सासूलाही नाही.