पूनमसिंगच्या गोळीला मासा लागेना

फुलसावंगीच्या अलीकडच्या तांड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की तलावात मासा कुठं आहे हे आधी पूनमसिंगला कळतं, मग माशाला. दुसरी गोष्ट फक्त बायकांना ठाऊक होती: पूनमसिंगला ते सारं त्याच्या बायकोनं, मानीबाईनं शिकवलं. नवऱ्याची मिशी खाली यायला नको म्हणून ती चारचौघांत गप्प बसायची, एवढंच.

साठी ओलांडलेलं हे जोडपं दर रविवारी गळ घेऊन तलावावर जायचं. मानीबाईचं शास्त्र साधं होतं. वारा ज्या काठाकडं ढकलतो त्या काठावर बसायचं, कारण पाण्यावरचं खाणं तिकडंच जातं. ऊन तापलं की बाभळीच्या सावलीतलं खोल पाणी धरायचं. म्हशी डुंबून गेल्या की गढूळ पाण्यात गांडूळ लावायचं, अन् निवळ पाण्यातला रोहू हवा असेल तर ज्वारीच्या पिठात सरकीची ढेप कालवून गोळी मळायची. गोळी ज्याची त्यानंच मळायची, हा दोघांचा जुना नेम. दुसऱ्याची गोळी मागणं म्हणजे हार कबूल करणं.

यंदा मात्र दिवाळीनंतर लागोपाठ तीन रविवार पूनमसिंग हात हलवत परत आला.

मानीबाईला त्याचं काही वाटलं नसतं. तिचं सारं ध्यान त्याच्या तोंडाकडं होतं. पोळ्याच्या सुमारास त्याच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला होता, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं बजावलं, तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा आजच सोडा, पुढं गेलं तर हे दुखणं जिवावर बेतेल. पूनमसिंगनं सेवालाल महाराजांची आण घेतली. तेव्हापासून त्याच्या खिशात बडीशेप असायची. तरी रश्श्याचा घास घेतला की त्याचे डोळे भरायचे अन् तो ताट सरकवायचा. मानीबाई रोज मिरची कमी करत गेली, रस्सा पार पाणचट झाला, पण त्याच्या तोंडाची आग काही थांबेना. तिची झोप उडाली होती.

चौथ्या रविवारी पूनमसिंग बाभळीखालून ओरडला, “जागाच फुटकी हाय ही! तुह्याइकडं सारे मासे जमून राह्यले.”

“मंग या इकडं. मी बसते तिकडं.”

जागा बदलल्या. घटकाभरात मानीबाईनं त्याच फुटक्या जागेतून हातभर लांबीचा रोहू काढला. इकडं पूनमसिंगच्या गळाच्या दोरीला बांधलेल्या मोरपिसाच्या तरंगावर एक चतुर येऊन बसला, तो उठायचं नावच घेईना.

“आता बोला,” मानीबाई म्हणाली.

“जागा नाई, गोळी चुकली. गूळ कमी पडला.” त्यानं गूळ घातला, बडीशेप कुटून घातली, पुन्हा मळलं. चतुर तिथंच.

दुपारी मानीबाईच्या गोळ्या संपल्या. मासा तर बाभळीखाली नाचत होता. तिनं अभिमान गिळला. “हार म्हणा का काई म्हणा, तुमची गोळी द्या.”

पूनमसिंगनं छाती फुगवून डबा पुढं केला. तीच बाभूळ, तोच गळ, तेवढंच खोल पाणी. तरंग किंचित हलला अन् थांबला. पुन्हा हलला, पुन्हा थांबला. मासा येत होता, हुंगत होता, निघून जात होता. मानीबाईनं डब्यातली दुसरी गोळी उचलून नाकाशी नेली. ज्वारी, ढेप, गूळ, बडीशेप. अन् त्या सगळ्याच्या खाली चुना आणि तंबाखू.

म्हणजे दोष मिरचीचा नव्हताच.

शहाण्यानं खिसे झाडले होते, खर्ऱ्याची पन्नी शेताच्या धुऱ्यावरच्या दगडाखाली दडवली होती, तोंडाला बडीशेपेचा वास लावला होता. पण ज्या बोटांनी खर्रा तोंडात टाकला, त्याच बोटांनी गोळी मळली; पूर्वी मानीबाईच त्याला आधी राखेनं हात घासायला लावायची, खर्रा सुटला म्हणून तिनं ते सोडलं होतं. अन् मासा म्हणजे काही बायको नव्हे, शपथेवर विश्वास ठेवायला.

“अवो, हात दाखवा.”

“कायले?”

“दाखवा म्हन्ते ना!”

तिनं बोटं हुंगली. पूनमसिंग पाण्याकडं बघत राहिला. “एकच खातो दिवसातून,” तो पुटपुटला. “लई तलप येते व.”

“मले एकटीले टाकून जाचं असन तं तसं सांगा! मी आपली मिरचीले दोष देऊन राह्यली!” तिचा आवाज फाटला. ती संतापली होती अन् भ्यालीही होती, आणि दोन्ही तिनं लपवलं नाही.

तो मुकाट धुऱ्यावर जाऊन पन्नी घेऊन आला. मानीबाईनं ती पाण्यात टाकू दिली नाही, माशांनी काय पाप केलं होतं? बाभळीच्या बुडाशी खड्डा करून तिनं पुरली.

“आता मी खिसे पाहनार नाई, तोंड हुंगनार नाई. आन बी नको. तुमची गोळी तुमीच मळा. मासा लागला का मी समजन.”

राखेनं हात घासून मळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पूनमसिंगला ते सुचलंही असेल. पण तो तसं करणार नाही, ही मानीबाईला खात्री होती. बायकोशी खोटं बोलता येतं. गळाशीच खोटं बोलायचं तर मिशी कशाला ठेवायची?

पुढच्या रविवारी तो रिकामाच आला अन् न विचारता म्हणाला, “सकाळी एक खाल्ला.” त्याच्या पुढच्या रविवारी गळ न टाकता चेहरा पाडून नुसता बसला. मानीबाई दोन्ही वेळा आपला गळ टाकत राहिली.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी बाभळीखालून हाक आली, “मानीऽ!” तरंग गडप झाला होता अन् काठी वाकली होती. दोन किलोचा कटला निघाला. गळात पूनमसिंगचीच गोळी होती.

संध्याकाळी तिनं रस्सा केला, भीतीनं पडलेल्या सवयीप्रमाणे चिमूटभरच मिरची घालून. पूनमसिंगनं बाटी मोडून बुडवली अन् घास तोंडात टाकला. मानीबाई त्याच्या डोळ्यांकडं पाहत राहिली. डोळे कोरडे होते. त्यानं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला अन् कपाळाला आठी घातली.

“घरातली मिरची सरली का व?”

मानीबाईनं तिखटाचा डबा आख्खाच त्याच्या पुढ्यात ठेवला.